सत्तेचं पुस्तक आणि दुबळ्या शहराचा वकील

२६ डिसेंबर १५०२. नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी इटलीतल्या चेझेना शहराच्या चौकात लोकांना एक प्रेत दिसलं. धडाचे दोन तुकडे केलेले, शेजारी लाकडाचा ठोकळा आणि रक्ताने माखलेला सुरा. प्रेत रमिरो दे लोर्का या अधिकाऱ्याचं होतं. काही दिवसांपूर्वीपर्यंत हा माणूस रोमान्या प्रांताचा सर्वेसर्वा होता. पोप सहाव्या अलेक्झांडरचा मुलगा चेझारे बोर्जिया याने तो प्रांत जिंकला, तेव्हा तिथली लूटमार आणि बेबंदशाही मोडून काढण्यासाठी त्याने रमिरोला पूर्ण अधिकार देऊन नेमलं. रमिरोने ते काम चोख केलं आणि निर्दयपणे केलं. प्रांत शांत झाला, पण लोकांच्या मनात संताप साठत गेला. तो आपल्या अंगावर येण्याआधीच बोर्जियाने आपल्याच अधिकाऱ्याचा बळी दिला. चौकात जमलेल्यांना समाधान वाटलं आणि त्याच वेळी त्यांना धडकीही भरली.

त्या दिवशी चेझेनात फ्लॉरेन्सचा वकील मुक्कामाला होता. वय ३३, नाव निकोलो मॅकियाव्हेली. परराज्याच्या दरबारात राहायचं, डोळे आणि कान उघडे ठेवायचे आणि आपल्या सरकारला खलिते पाठवायचे, हे त्याचं काम. रमिरोची बातमी त्याने त्याच दिवशी फ्लॉरेन्सला कळवली. अकरा वर्षांनी, नोकरी गेलेली असताना, त्याने एक छोटंसं पुस्तक लिहिलं. त्याच्या सातव्या प्रकरणात चेझेनाचा तो चौक आहे. पुस्तकाचं नाव 'इल प्रिन्चिपे'. आपल्याकडे ते 'द प्रिन्स' म्हणून माहीत आहे.

पाचशे वर्षं हे पुस्तक बदनाम आहे. आपल्याकडेही कुणी रातोरात पक्ष फोडला की मॅकियाव्हेलीचं नाव निघतं. कपटाचा, दगाबाजीचा, विधिनिषेध न बाळगणाऱ्या राजकारणाचा तो आद्य गुरू, अशी त्याची ओळख पक्की झाली आहे. मला ही ओळख अपुरी वाटते. पुस्तकात क्रूर सल्ले आहेत आणि ते सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही. पण ज्याच्या शहराकडे स्वतःची फौज नव्हती आणि म्हणून ज्याला चौदा वर्षं बलाढ्यांच्या दारात ताटकळावं लागलं, अशा माणसाने ते लिहिलं आहे. बळ म्हणजे काय, हे त्याला बळ नसल्यामुळे कळलं.

मॅकियाव्हेलीचा जन्म ३ मे १४६९चा, फ्लॉरेन्सचाच. वडील बर्नार्दो कायद्याचे पदवीधर, पण परिस्थिती बेताची. घरात पुस्तकांची मात्र ओढ होती. रोमचा इतिहासकार लिव्ही याच्या ग्रंथाची छापील आवृत्ती निघत होती, तेव्हा बर्नार्दोंनी त्यातल्या स्थळनामांची सूची कष्टाने तयार करून दिली आणि मोबदला म्हणून ग्रंथाची एक प्रत मिळवली. ती प्रत बांधून घ्यायला पुढे कित्येक वर्षं गेली. बांधणीची मजुरी वाईन आणि व्हिनेगरच्या रूपाने चुकती केल्याची नोंद बर्नार्दोंच्या रोजनिशीत आहे, आणि ते पुस्तक घरी आलं तेव्हा निकोलो सतरा वर्षांचा होता. हा लिव्ही त्याला आयुष्यभर पुरला.

त्या काळी इटली नावाचं राज्य नव्हतं. मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स, पोपचं राज्य आणि नेपल्स अशा पाच मोठ्या सत्ता आणि त्यांच्या मधल्या फटींत असंख्य लहान संस्थानं. व्यापार, सावकारी, चित्रकला, शिल्पकला यांत ही शहरं युरोपात सर्वांच्या पुढे. लढाईसाठी मात्र ती कंत्राटी सेनापतींवर विसंबून असत. हे सेनापती करार करून फौज भाड्याने देत. १४९४ साली फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स नव्या धाटणीच्या तोफा घेऊन आल्प्स उतरला आणि बघता बघता नेपल्सपर्यंत गेला. त्या धक्क्याने फ्लॉरेन्समधलं मेदिची घराण्याचं साठ वर्षांचं वर्चस्व कोसळलं. त्यानंतर साव्होनारोला या संन्याशाच्या प्रवचनांनी शहर भारून गेलं, आणि १४९८च्या मे महिन्यात त्याच शहराने त्याला फाशी देऊन त्याचं प्रेत जाळलं. पुढच्याच महिन्यात २९ वर्षांचा मॅकियाव्हेली प्रजासत्ताकाच्या दुय्यम सचिवालयाचा प्रमुख झाला. लवकरच युद्धखात्याच्या दहा जणांच्या समितीचं चिटणीसपदही त्याच्याकडे आलं.

या नोकरीतल्या पहिल्या दोन वर्षांनी त्याला जे शिकवलं, ते 'द प्रिन्स'च्या पानापानांवर आहे. फ्लॉरेन्सच्या हातून निसटलेलं पिसा शहर परत घ्यायचं होतं. त्यासाठी पाओलो व्हितेल्ली हा नामांकित सेनापती भाड्याने घेतला. १४९९च्या ऑगस्टमध्ये पिसाच्या तटाला खिंडार पडलं, पण व्हितेल्लीने फौज आत घातलीच नाही. फ्लॉरेन्सला फितुरीचा संशय आला आणि ऑक्टोबरमध्ये त्याचं डोकं उडवण्यात आलं. मग फ्रान्सच्या राजाकडून सैन्य मागवलं. ते पिसापुढे आलं, पगारावरून बिथरलं आणि पांगलं. वर पैशांचा तगादा फ्लॉरेन्सलाच. हे प्रकरण मिटवायला मॅकियाव्हेलीला फ्रान्सला पाठवण्यात आलं. तिथे महिनोन्महिने तो दरबाराच्या मागून गावोगाव फिरला. फ्रेंच लोक मान देतात ते शस्त्र असलेल्याला किंवा पैसा सोडणाऱ्याला, आणि आपल्याला तर ते 'श्रीयुत शून्य' म्हणतात, असं त्याने आणि त्याच्या जोडीदाराने फ्लॉरेन्सला स्पष्ट कळवलं. आपल्या सरकारला उद्देशून असं वाक्य लिहिताना त्याला काय वाटलं असेल, याचा विचार मी हे पुस्तक वाचताना नेहमी करतो.

१५०२च्या ऑक्टोबरमध्ये तो बोर्जियाकडे इमोला इथे पोहोचला. फ्लॉरेन्सला बोर्जियाशी मैत्रीही नको होती आणि वैरही नको होतं. त्यामुळे वकिलाच्या हाती देण्यासारखं काही नव्हतं, फक्त वेळ काढायचा होता. पैसे संपत आले होते, तब्येत बरी नव्हती, घरी नवी लग्न झालेली बायको मारिएत्ता कंटाळली होती. अशा मुक्कामात त्याने कचेरीतल्या मित्राकडे प्लुटार्कची चरित्रं मागवली. फ्लॉरेन्समध्ये प्रत मिळत नाही, व्हेनिसहून मागवावी लागेल, असं उत्तर आलं. समोर एक जिवंत विजेता वावरत असताना या माणसाला जुन्या विजेत्यांची चरित्रं हवी होती. दोन्ही शेजारी ठेवून पाहायची ही त्याची सवय पुढे त्याची पद्धतच बनली. 'द प्रिन्स'मध्ये जवळपास प्रत्येक मुद्द्याला एक जुनं उदाहरण असतं आणि एक डोळ्यांदेखत घडलेलं.

त्याच सुमाराला बोर्जियाचे स्वतःचे कंत्राटी सेनापती त्याच्याविरुद्ध कट करत होते. कटवाल्यांत पिसाच्या प्रकरणात डोकं गमावलेल्या पाओलो व्हितेल्लीचा भाऊ व्हितेल्लोझ्झो होता आणि फेर्मोचा ओलिव्हेरोत्तोही. या ओलिव्हेरोत्तोने ज्या मामाने त्याला वाढवलं त्यालाच मेजवानीला बोलावून मारलं होतं आणि गाव बळकावलं होतं. बोर्जियाने कटवाल्यांशी समेट केला, गोड बोलला, भेटी पाठवल्या. ३१ डिसेंबर १५०२ रोजी सेनिगाल्यिया इथे ते सगळे त्याला भेटायला आले आणि पकडले गेले. व्हितेल्लोझ्झो आणि ओलिव्हेरोत्तो यांना त्याच रात्री गळा आवळून मारण्यात आलं. मॅकियाव्हेली त्या दिवशी तिथे पोहोचला होता. रात्री बोर्जियाने त्याला बोलावून घेतलं. बोर्जिया अत्यंत खुशीत होता.

बोर्जियाच्या प्रेमात पडून मॅकियाव्हेलीने पुस्तक लिहिलं, असं म्हणणाऱ्यांनी पुढचा भाग वगळलेला असतो. १५०३च्या ऑगस्टमध्ये पोप अलेक्झांडर वारला आणि नेमका त्याच वेळी बोर्जियाही अंथरुणाला खिळला. नवा पोप निवडताना त्याने ज्युलियानो देल्ला रोव्हेरे या आपल्या घराण्याच्या जुन्या वैऱ्याच्या वचनांवर विश्वास ठेवला. तो दुसरा ज्युलियस म्हणून गादीवर आला आणि बोर्जियाचं राज्य विरघळून गेलं. त्या हिवाळ्यात मॅकियाव्हेली रोममध्येच होता. वर्षापूर्वी सगळ्यांना खेळवणारा माणूस आता गोंधळलेला, इतरांच्या शब्दावर जगणारा, असं त्याने पाहिलं. १५०७ साली स्पेनच्या उत्तरेला एका किरकोळ चकमकीत बोर्जिया मारला गेला. 'द प्रिन्स'च्या सातव्या प्रकरणात त्याची स्तुती भरपूर आहे, आणि शेवटी त्याची घोडचूकही नोंदवलेली आहे: ज्यांना आपण एकदा दुखावलं, ते नव्या उपकारांनी जुनी जखम विसरतील, असं मानणं.

भाडोत्री फौजेचा अनुभव घेतल्यावर मॅकियाव्हेलीने फ्लॉरेन्ससाठी स्वतःची फौज उभी करायचा ध्यास घेतला. गावोगाव फिरून त्याने शेतकऱ्यांची भरती केली. १५०६च्या फेब्रुवारीत त्यातले चारशे जण शहराच्या मुख्य चौकात कवायतीला उभे राहिले. पांढरी बंडी, अर्धे लाल आणि अर्धे पांढरे पायमोजे, पांढरी टोपी, छातीवर लोखंडी पत्रा, हातात भाला, आणि काहींकडे बंदुका. एका फ्लॉरेन्सवासी औषधविक्रेत्याने हे सगळं कौतुकाने आपल्या रोजनिशीत टिपून ठेवलं आहे. १५०९च्या जून महिन्यात पिसा शरण आलं, त्यात या फौजेचा वाटा होता. मॅकियाव्हेलीच्या आयुष्यातला हा सर्वांत आनंदाचा काळ असावा.

तीन वर्षांत सगळं पालटलं. मेदिची घराण्याला परत बसवण्यासाठी स्पॅनिश सैन्य चालून आलं. २९ ऑगस्ट १५१२ रोजी फ्लॉरेन्सजवळच्या प्रातो गावात मॅकियाव्हेलीची शेतकरी फौज त्या मुरलेल्या सैनिकांपुढे उधळली गेली. त्यानंतर गावात जी कत्तल झाली तिची आठवण तस्कनीत पिढ्यान्‌पिढ्या राहिली. मेदिची परतले. नोव्हेंबरमध्ये मॅकियाव्हेलीला बडतर्फ केलं, वर एक हजार फ्लोरिनचा जामीन. पुढच्या फेब्रुवारीत मेदिचींविरुद्धच्या एका कटातल्या माणसाकडे नावांची यादी सापडली आणि त्यात याचंही नाव निघालं. तुरुंगात त्याचे हात पाठीमागे बांधून त्याला दोराने वर ओढलं आणि झटक्याने खाली सोडलं, असं सहा वेळा. त्याने काहीही कबूल केलं नाही. कटाच्या दोन सूत्रधारांना मृत्युदंड झाला. मार्च १५१३मध्ये मेदिची घराण्यातलाच एक जण दहावा लिओ म्हणून पोप झाला, त्या आनंदात कैदी सोडण्यात आले, त्यात हाही सुटला.

फ्लॉरेन्सच्या दक्षिणेला सांत आंद्रेआ या खेड्यात त्याची वडिलार्जित शेतीवाडी होती. तिथे तो बायकामुलांसह जाऊन राहिला. त्याचा मित्र फ्रान्चेस्को व्हेत्तोरी रोममध्ये फ्लॉरेन्सचा वकील होता. त्याला १० डिसेंबर १५१३ रोजी लिहिलेल्या पत्रात मॅकियाव्हेलीने आपला दिनक्रम सांगितला आहे. सकाळी रानात लाकूडतोड्यांची भांडणं सोडवायची. मग झऱ्याकाठी बसून दान्ते किंवा पेत्रार्क वाचायचा. जेवणानंतर रस्त्यावरच्या खाणावळीत जाऊन खाटीक, पिठाच्या गिरणीवाला आणि दोन भट्टीवाले यांच्याबरोबर पत्ते आणि सोंगट्या खेळायच्या, आणि एकेका पैशावरून इतकं भांडायचं की आरडाओरडा दूरवर ऐकू जावा. संध्याकाळी घरी आलं की चिखलाने भरलेले कपडे उतरवून दरबारी पोशाख चढवायचा आणि अभ्यासिकेत जायचं. तिथे जुन्या लेखकांच्या सहवासात चार तास बसायचं. त्यांना त्यांच्या कृत्यांची कारणं विचारायची आणि त्यांनी उत्तरं द्यायची. या चार तासांत त्याला गरिबीची भीती उरत नसे आणि मरणाचीही. याच बैठकांतून एक लहानसं पुस्तक तयार झालं आहे, असं तो मित्राला कळवतो. पुस्तकाचा लोभ निव्वळ ज्ञानाचा नव्हता. मेदिचींनी आपल्याला पुन्हा कामाला लावावं, निदान धोंडा लोटायला तरी, ही इच्छा त्याने त्याच पत्रात मोकळेपणाने लिहिली आहे.

पुस्तकात २६ प्रकरणं आहेत, काही तर दोन-तीन पानांचीच. सुरुवातीला राज्यांचे प्रकार: वारसाने आलेली, जिंकलेली, दैवाने लाभलेली, गुन्ह्याने मिळवलेली, लोकांच्या पाठिंब्याने मिळालेली. मग फौजा. मग राजाचे गुण-दोष. शेवटी इटलीची दुर्दशा आणि ती दूर करण्याचं आवाहन. वारसाने गादीवर बसलेल्याबद्दल मॅकियाव्हेलीला फारसं सांगायचं नाही, कारण त्याला सवयीचाच आधार असतो. त्याचं सगळं लक्ष नव्या राजावर आहे. नव्या माणसाला परंपरेची ढाल नसते. सहाव्या प्रकरणात तो म्हणतो की नवी व्यवस्था आणण्याइतकं अवघड काम नाही: जुन्या व्यवस्थेत ज्यांचं पोट भरत होतं ते जीव तोडून विरोध करतात, आणि नव्या व्यवस्थेत ज्यांचं भलं होणार असतं त्यांचा पाठिंबा मात्र कोमट असतो. साव्होनारोला बुडाला, कारण लोकांचा विश्वास उडाल्यावर त्यांना धरून ठेवायला त्याच्या हाती काही नव्हतं. आपल्याकडच्या कुठल्याही सुधारणेचा इतिहास आठवून पाहावा, हे निरीक्षण लागू पडतं.

खरी ठिणगी पंधराव्या प्रकरणात पडते. त्याआधी शेकडो वर्षं राजांसाठी उपदेशपर ग्रंथ लिहिले जात होते. राजा दयाळू असावा, उदार असावा, वचनाला जागणारा असावा, अशी त्यांची शिकवण. मॅकियाव्हेली म्हणतो, कुणी कधी पाहिली नाहीत अशा आदर्श राज्यांची चित्रं लोकांनी रंगवली; मला गोष्टी प्रत्यक्षात कशा घडतात ते सांगायचं आहे. मग तो एकेक सद्गुण उचलतो आणि त्याचा परिणाम तपासतो. औदार्य घ्या. नाव मिळवण्यासाठी सढळ हाताने वाटणारा राजा तिजोरी रिकामी करतो, मग कर वाढवतो, आणि ज्यांना वाटलं ते थोडे असतात, ज्यांच्याकडून काढलं ते अनेक. त्यापेक्षा कंजूष म्हणवून घेणं परवडलं. क्रौर्याचंही तसंच. एकदाच, गरजेपुरतं आणि लगेच थांबवलेलं क्रौर्य वेगळं आणि दिवसेंदिवस वाढत जाणारं वेगळं, असा भेद तो आठव्या प्रकरणात करतो. हे वाचताना अंगावर काटा येतो आणि यायलाच हवा. ज्याच्यावर ते क्रौर्य कोसळलं त्या माणसाचा हिशेब या पुस्तकात कुठेही नाही, हा त्याचा मोठा दोष मला वाटतो.

सतराव्या प्रकरणातला प्रश्न सर्वांना ठाऊक आहे: लोकांनी राजावर प्रेम करावं की त्याला भ्यावं? दोन्ही साधलं तर उत्तम, पण एकच निवडायचं तर भीती अधिक भरवशाची, कारण प्रेम समोरच्याच्या मर्जीवर असतं. लोक इथेच थांबतात. मॅकियाव्हेली थांबत नाही. भीती असावी, पण द्वेष कदापि नसावा, हे तो लगेच बजावतो आणि पुस्तकभर बजावत राहतो. द्वेष टाळायचा उपायही सांगतो: रयतेच्या मालमत्तेला आणि बायकांना हात लावू नका. माणूस बापाचा मृत्यू एक वेळ विसरेल, बळकावलेली वडिलार्जित जमीन विसरणार नाही, असं त्याचं म्हणणं. जमिनीच्या बांधावरून तीन पिढ्या कोर्टात गेलेलं एखादं कुटुंब पाहिलेल्या मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको.

अठराव्या प्रकरणात सिंह आणि कोल्हा येतात. सिंहाला सापळे ओळखता येत नाहीत, कोल्ह्याला लांडग्यांपासून वाचता येत नाही, म्हणून राजाने दोन्ही व्हावं. परिस्थिती बदलली की वचन मोडायची तयारी ठेवावी, पण वरवर धार्मिक, दयाळू, सच्चा दिसावं. याच प्रकरणामुळे त्याच्यावर सर्वांत जास्त शिव्यांचा वर्षाव झाला. साध्य चांगलं असेल तर कुठलंही साधन समर्थनीय, हे त्याच्या नावावर खपवलं जाणारं वाक्य मात्र इथे नाही, पुस्तकात अन्यत्रही नाही. लोक राजाच्या कृतीचा निवाडा परिणामावरून करतात, असं तो म्हणतो. लोकांचं हे वर्णन आहे. त्या वर्णनाचा फायदा घ्यायला तो राजाला शिकवतो, हे खरं. पण वाईट कृत्याला चांगलं म्हणा, असं तो कुठेही सांगत नाही. वाईटाला तो वाईटच म्हणतो, आणि तरीही कधी कधी ते करावं लागेल असं सांगतो. या पुस्तकात वाचकाला अस्वस्थ करणारी गोष्ट नेमकी ही आहे.

नववं प्रकरण मात्र फार कमी लोक उद्धृत करतात, आणि माझ्या मते पुस्तकाचा कणा तिथे आहे. प्रत्येक शहरात दोन गट असतात, असं तो सांगतो. बड्या घराण्यांना इतरांवर हुकूमत गाजवायची असते. सामान्य लोकांना एवढंच हवं असतं की कुणी आपल्याला दडपू नये. त्यामुळे लोकांची इच्छा बड्यांच्या इच्छेपेक्षा अधिक न्याय्य. राजाने लोकांच्या बळावर उभं राहावं. ते संख्येने पुष्कळ आहेत आणि त्यांची मागणी थोडी आहे. सरदारांच्या मदतीने गादीवर आलेला राजा स्वतःला आपल्या बरोबरीचे समजणाऱ्यांनी वेढलेला असतो आणि त्याला हवं तसं चालवता येत नाही.

हाच धागा विसाव्या प्रकरणात किल्ल्यांपर्यंत जातो. ज्या राजाला परक्यांपेक्षा आपल्याच लोकांचं भय वाटतं, त्याने किल्ले बांधावेत, बाकीच्यांनी त्या भानगडीत पडू नये. लोकांचा द्वेष नसणं हाच सर्वांत भक्कम किल्ला. मिलानचा गढीवजा किल्ला स्फोर्झा घराण्याला तारण्याऐवजी घातक ठरला, हे त्याचं उदाहरण. मराठी वाचक इथे थबकेल, कारण अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या 'आज्ञापत्रा'त रामचंद्रपंत अमात्यांनी सगळं राज्य दुर्गांवर तोललेलं आहे. पण दोघांचे किल्ले निराळे. सह्याद्रीतला दुर्ग बाहेरून येणाऱ्या आक्रमकाला थोपवण्यासाठी होता. इटलीतल्या राजाची शहरातली गढी बहुतेक वेळा स्वतःच्याच रयतेवर नजर ठेवून उभी असे. मॅकियाव्हेलीचा राग त्या गढीवर आहे.

फौजांवरची बारा ते चौदा ही प्रकरणं त्याने दाताखाली ओठ धरून लिहिली असावीत. पाओलो व्हितेल्लीचं नाव तिथे आहे, पिसापुढे आलेल्या परक्या सैन्याचंही आहे. भाडोत्री सैनिक तुमच्यासाठी मरायला तयार नसतो, आणि उसनं आणलेलं सैन्य हरलं तर तुम्ही बुडता, जिंकलं तर तुम्ही त्याचे कैदी होता. म्हणून राजाची फौज त्याच्या स्वतःच्या लोकांची हवी. यातून निघणारी गोष्ट तो ठळकपणे मांडत नाही, पण ती उघड आहे: ज्यांच्या हाती शस्त्र द्यायचं, त्यांना तुडवून चालत नाही. प्रातोच्या पराभवाबद्दल मात्र या प्रकरणांत तो काही बोलत नाही. आपल्या लाडक्या कल्पनेची ती बाजू तपासायला हवी होती.

पंचविसाव्या प्रकरणात दैव येतं. आपल्या आयुष्यातलं साधारण अर्धं दैवाच्या हाती आणि उरलेलं आपल्या, असा त्याचा अंदाज. दैवाला तो पुराच्या नदीची उपमा देतो: पूर आला की काही चालत नाही, पण पाणी उतरलेलं असताना बंधारे आणि पाट बांधून ठेवले तर पुढचा पूर एवढी नासाडी करत नाही. इटलीने बंधारे बांधले नाहीत, म्हणून फ्रेंच, स्पॅनिश, स्विस सगळे आत शिरले. हे प्रकरण इथेच संपायला हवं होतं. शेवटी तो दैवाला स्त्री म्हणतो आणि तिला मारून-झोडून ताब्यात ठेवणाऱ्या तरुणांची बाजू घेतो. त्या काळची रीत म्हणून मला ते सोडून देता येत नाही. विचार तिथे घसरला आहे.

पुस्तकाने त्याला नोकरी मिळवून दिली नाही. ते आधी ज्युलियानो मेदिचीला द्यायचं ठरलं होतं. त्याच्या मृत्यूनंतर पुतण्या लोरेंझोला अर्पण झालं. लोरेंझोने त्याची दखल घेतल्याचं दिसत नाही. पुढे मॅकियाव्हेलीने लिव्हीच्या इतिहासावर मोठा ग्रंथ लिहिला, 'मांद्रागोला' हे धमाल नाटक लिहिलं, युद्धकलेवर लिहिलं, मेदिचींच्याच सांगण्यावरून फ्लॉरेन्सचा इतिहास लिहिला. १५२७ साली मेदिची पुन्हा हाकलले गेले आणि प्रजासत्ताक परत आलं. त्याला वाटलं, आता तरी जुनी खुर्ची मिळेल. पण प्रजासत्ताकवाल्यांना तो मेदिचींचा माणूस वाटला. २१ जून १५२७ रोजी तो वारला. 'द प्रिन्स' तोवर हस्तलिखितांतूनच फिरत होतं. १५३२ मध्ये ते रोममध्ये छापलं गेलं, तेही पोपच्या परवान्याने. १५५९ साली चर्चने त्याचे सगळे ग्रंथ निषिद्ध यादीत टाकले.

बदनामी पसरण्यात एका नात्याचा हात आहे. ज्या लोरेंझोला पुस्तक अर्पण केलं होतं, त्याची मुलगी कॅथरीन फ्रान्सची राणी झाली. १५७२ साली पॅरिसमध्ये प्रोटेस्टंटांची भीषण कत्तल झाली आणि तिचा ठपका राजमाता कॅथरीनवर आला. बापाला अर्पण केलेलं पुस्तक लेकीने अमलात आणलं, अशी हाकाटी झाली. चारच वर्षांत इनोसाँ जाँतिये या फ्रेंच प्रोटेस्टंटाने मॅकियाव्हेलीचं जाडजूड खंडन छापलं. ज्यांनी मूळ पुस्तक पाहिलंही नव्हतं, त्यांनाही मॅकियाव्हेली कळला तो या खंडनातून. इंग्लंडच्या रंगभूमीवर मार्लो आणि शेक्सपिअर यांच्या नाटकांत तो खलनायकांचा गुरू म्हणून आला. प्रशियाच्या फ्रेडरिकने त्याच्या विरोधात ग्रंथ लिहिला, १७४० साली व्हॉल्तेरने तो सुधारून प्रसिद्ध केला, आणि एव्हाना राजा झालेल्या फ्रेडरिकने त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये शेजारच्या सायलेशियावर स्वारी केली.

याच्या उलट बाजूने वाचणारेही निघाले. रूसोचं मत असं की राजांना धडे देण्याचं निमित्त करून मॅकियाव्हेलीने खरे धडे जनतेला दिले. १९१९च्या एका व्याख्यानात जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'शी तुलना करून 'द प्रिन्स' त्यापुढे निरुपद्रवी असल्याचं सांगितलं. शामशास्त्रींनी म्हैसूरला 'अर्थशास्त्र' छापून प्रसिद्ध केल्याला तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती. मुसोलिनीच्या तुरुंगात अंतोनिओ ग्राम्शीने आपल्या वह्यांमध्ये या पुस्तकाचा विचार पुन्हा पुन्हा केला. राज्य करण्याच्या युक्त्या ज्यांना घराण्यातून, बाळकडूतून मिळतात त्यांना पुस्तकाची गरज नसते. ज्यांना त्या माहीत नाहीत त्यांच्यासाठी मॅकियाव्हेली लिहीत होता, असा त्याचा निष्कर्ष. मला यातलं निम्मं पटतं. नोकरी हवी होती म्हणून त्याने ते मेदिचींसाठी लिहिलं, हे त्याच्या पत्रातच आहे. पण त्यासाठी जे लिहिलं त्यात राजवाड्याच्या आतली सगळी कळसूत्रं उघडी पडली, आणि एकदा छापल्यावर ती कुणालाही वाचता येऊ लागली.

हे पुस्तक दोन-तीन बैठकांत वाचून होतं. पहिल्यांदा हाती घेणाऱ्याने नवव्या प्रकरणापासून सुरुवात करावी, मग बारा ते चौदा, आणि सिंह-कोल्हा त्यानंतर. नंतर लिव्हीवरच्या ग्रंथाच्या पहिल्या भागातलं चौथं प्रकरण काढावं. रोममध्ये सामान्य लोक आणि सरदारांची सभा यांच्यात कायम झगडे होत आणि बहुतेक इतिहासकारांना ते रोमचं दुखणं वाटे. मॅकियाव्हेली तिथे नेमकं उलट सांगतो: रोममध्ये स्वातंत्र्याचे जे कायदे झाले ते या झगड्यांतूनच झाले, रस्त्यावरच्या आरडाओरड्याला नावं ठेवणाऱ्यांचं त्यातून काय निपजलं याकडे लक्ष नाही.